सुम्न बसायचा मोसम

ऐका हो ऐका! धारवाड शहरातल्या, माळमड्डी भागातल्या समस्त लहानथोरांना, आमचं सगळं ऐकू येत असूनही ऐकू येत नाही असं दाखवणाऱ्या शेजाऱ्यांना, हुबळीहून येणाऱ्या व आल्यावर लवकर न उठणाऱ्या पाहुण्यांना, तसंच मागच्या दाराशी हेलपाटे घालणाऱ्या लंगड्या बोक्याला या दवंडीनं कळवण्यात येतं की, आज रोजी सकाळी आमच्या घरी आंब्याची अढी घातली आहे. अढी उघडेपर्यंत कोणीही आंबा चाचपू नये, देठाशी नाक लावू नये, 'एकच बघतो' असं म्हणू नये. हुकूम मोडणाऱ्यास कोय चोखायला मिळेल, रस मिळणार नाही. ऐका हो ऐका!

कृपया हसू नये. हा आमच्या घरचा रिवाज आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जन्मभर धारवाडच्या कोर्टात वकिली केली. साधं 'पाणी द्या' म्हणायचं तरी त्यांना प्रस्तावना लागते. दर उन्हाळ्यात आमच्याकडे दोन दवंड्या होतात. अढी घालायची दवंडी घरातल्या कर्त्या माणसानं द्यायची आणि अढी उघडायची घरातल्या सगळ्यात लहान पोरानं. पहिली हल्ली माझ्याकडे आली आहे. एक तर अप्पांना आता ऐकू कमी येतं आणि कानातलं यंत्र ते सोयीनुसार बंद ठेवतात. दुसरं म्हणजे, कॉलेजात असताना मी नाटकांतून राजमाता, कजाग सासू आणि एकदा ऐनवेळी घोड्याचे मागचे पायसुद्धा केले आहेत. दवंडी द्यायला माझ्याहून लायक बाई या गल्लीत सापडायची नाही.

तर आज सकाळी आंबे आले. आमच्या धारवाडचा आपूस. बाहेरचे लोक हसतात, पण हसू देत. हिरवेगार, दगडासारखे, देठाला अजून चीक असलेले. मागच्या खोलीत पलंगाखाली पिंजर पसरलं, भाताचं कोरडं पिंजर, आणि त्यावर एकेक आंबा निजवत होते. पिंजराची धूळ नाकात गेली, शिंक आली, आणि त्या शिंकेसरशी सगळे जुने उन्हाळे एकदम अंगावर आले. तेवढ्यात फोन वाजला. पुट्टीचा. पुट्टी माझी मुलगी. बारावीची परीक्षा संपवून हुबळीला आत्याकडे हुंदडायला गेली आहे.

"आई, अढी घातलीस?"

"घालतेच आहे की."

"मग तू प… प… प…"

मी उभी राहिले. एका हातात फोन, एका हातात आंबा. बाहेर कोकीळ ओरडत होती. एक ऑटो गल्लीत शिरून, चुकून आली असावी, परत गेली. कुकरची शिट्टी झाली. मी उभीच. मला ओळखणाऱ्यांना हे दृश्य सांगितलं तर ते डॉक्टरला बोलावतील. पण मी उभी राहिले आणि मजेत उभी राहिले!

"…पिंजर जास्त घाल. मागच्या वेळी कमी पडलं होतं."

मला वाटलं होतं ती 'पहिला आंबा मला ठेव' म्हणणार. बघा! अजूनही मी अंदाज करते आणि अजूनही तो चुकतो. फरक एवढाच की आता तो पोटातच ठेवते. ही कला मी एका उन्हाळ्यात शिकले. तो उन्हाळा आज पिंजराच्या वासाबरोबर दारात येऊन उभा राहिला आहे, आणि मला तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

त्या मोसमात पुट्टी तिसरीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. तिचं खरं नाव पूर्वा. पण कन्नडमध्ये चिमुरडीला पुट्टी म्हणतात, आणि आमच्या गल्लीनं तिचं बारसं आमच्याआधीच उरकलं होतं.

आमचं घर बोलणाऱ्यांचं. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं हा आमच्याकडे आळशीपणा समजला जाई. माझा नवरा श्रीकांत कॉलेजात गणित शिकवतो. प्रश्नाची पहिली ओळ ऐकली की तो उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळा. माझी नणंद, जिला मी वन्सं म्हणते, हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात कापडाचं दुकान चालवते आणि जरा सवड मिळाली की आमच्याकडेच असते. गिऱ्हाईक 'मला जरा फिकट…' म्हणेपर्यंत वन्संनी ठाण उलगडून, काठ दाखवून, भाव सांगून, वर तो थोडा कमीसुद्धा केलेला असतो. अप्पा तर वकीलच. साक्षीदाराच्या तोंडचं वाक्य पळवण्यात त्यांची हयात गेली. आणि मी? रंगमंचावर समोरचा नट अडकला की त्याचं वाक्य मीच म्हणून टाकायची, आणि टाळ्याही घ्यायची.

अशा घरात एक लेकरू अडखळत बोलू लागलं. प, क, त ही अक्षरं तिच्या ओठांपर्यंत यायची आणि बाहेरून कडी लागल्यासारखी थांबायची. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. की आम्ही चौघं चार दिशांनी शब्द घेऊन धावलोच!

"मला क… क…"

"कैरी?"

"करंजी?"

"कान दुखतो?"

"कंटाळा आला असेल हो तिला!"

आणि ती यांतला जवळ पडेल तो शब्द घेऊन मान हलवायची. आम्ही खूष. कळलं की नाही आम्हाला! पाहुणे विचारायचे, "बाळ, नाव काय तुझं?" आणि आम्ही चौघं एका सुरात, "पूर्वा!" पाहुणे बिचारे आमच्याकडे असे बघायचे, जणू घरातल्या सगळ्यांचंच नाव पूर्वा आहे.

मग पुट्टी हळूहळू कमी बोलू लागली. शाळेत हजेरीला नुसता हात वर. शेजारी नुसती मान. घरी बोट दाखवायचं. सगळे म्हणायचे, काय शहाणी मुलगी आहे हो, मुळीच वटवट नाही. मला मात्र भीती वाटायची. ती अडखळते याची भीती मला नव्हती. भीती होती ती अडखळायचीसुद्धा थांबेल याची. एखादं दार रोज थोडं थोडं लागत जावं आणि त्याचा आवाज घरातल्या कोणाला येऊ नये, कारण घरात सगळे बोलत आहेत, तसं चाललं होतं.

उपाय काय थोडे झाले? अळणावरहून एका नातेवाईक बाईंनी वेखंडाची कांडी पाठवली, मधात उगाळून जिभेवर चोळायला. पुट्टीनं ती मला परत चोळली. कोणी म्हणालं, हळू बोलायला सांगा. कोणी म्हणालं, श्वास घेऊन बोलायला सांगा. मग आम्ही चौघं एकाच वेळी "श्वास घे! श्वास घे!" असं ओरडायला लागलो, आणि आमचाच श्वास संपायचा. वन्संचं निदान वेगळंच.

"कन्नड बंद करा वहिनी. दोन दोन भाषांनी पोरीच्या जिभेला गाठ बसली बघा."

हे त्या निम्मं कन्नडमध्येच म्हणाल्या होत्या.

शेवटी हुबळीला एका बाईंकडे नेलं. वाणीचे उपचार करणाऱ्या, शांत, गोल चेहऱ्याच्या. आधी त्या पुट्टीला घेऊन आत बसल्या, बराच वेळ. मग आम्हाला बोलावलं. मी, श्रीकांत आणि अप्पा आत गेलो आणि तिघांनी एकदम सुरुवात केली. श्रीकांत क्रमवार सांगत होता, अप्पा पार्श्वभूमी मांडत होते, मी पुट्टी कशी अडखळते ते करून दाखवत होते. बाई गालाला हात लावून ऐकत राहिल्या. आम्ही दमल्यावर श्रीकांतनं विचारलं, "घरी आम्ही नेमकं काय करायचं?" तर बाईंनी आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाल्या,

"नीवु सुम्न कुंद्री."

म्हणजे, तुम्ही सुम्न बसा. झालं. इतकंच. तेवढ्यात पुढचं माणूस आत आलं.

आता हा शब्द तुम्हाला समजावून सांगायलाच हवा, कारण आमचं सगळं रामायण त्याच्यावरच झालं. आमच्या धारवाडी कन्नडमधलं हे सुम्न म्हणजे एक अजब प्रकरण आहे. सुम्न म्हणजे गप्प. आणि सुम्न म्हणजे सहज, काही कारण नसताना. 'का आलास?' 'सुम्न आलो.' 'काय करतेस?' 'सुम्न बसले आहे.' आम्ही मराठी घरातली माणसंही तो शब्द मराठीत दिवसभर वापरतो आणि त्याचे दोन अर्थ आहेत हे आमच्या गावीही नसतं.

परतीच्या बसमध्ये मात्र ते गावी आलं. उणकलचं तळं यायच्या आत वाद पेटला होता.

"सरळ आहे," श्रीकांत म्हणाला. "ती बोलत असताना आपण गप्प बसायचं."

"हरकत!" अप्पा म्हणाले. "बाईंनी 'ती बोलत असताना' हे शब्द वापरलेले नाहीत. नसलेले शब्द आदेशात घुसडता येत नाहीत. सुम्न बसा म्हणजे काही हेतू न ठेवता बसा. काम न काढता बसा. नुसते बसा."

"अप्पा, नुसतं बसून बोलणं कसं सुधारेल?"

"ते बाईंना विचार. मी कायद्याचा अर्थ सांगतोय."

मी दोघांच्या मध्ये, आणि माझा तिसरा मुद्दा चालूच होता. शेवटी पुढच्या सीटवरचे एक फेटेवाले आजोबा वळले आणि म्हणाले, "सुम्न अंद्र सुम्न री!" सुम्न म्हणजे सुम्न हो! सगळी बस हसली. पुट्टी खिडकीला गाल लावून बसली होती. तीही हसली. मला ते काचेत दिसलं.

घरी फोनवरून वन्संना सगळं सांगितलं, तर त्या पलीकडून कडाडल्या, "अगं वहिनी, त्या बाईनं तुम्हाला तेव्हाच्या तेव्हा गप्प बसा म्हटलं असेल! तुम्ही तिघं तिथं काय बडबडला असाल ते मला इथनं दिसतंय!"

पुढे आम्ही त्या बाईंकडे कितीतरी महिने जात राहिलो, पण या तीन अर्थांतला खरा कोणता हे विचारायचं धाडस आमच्यापैकी कोणालाही झालं नाही.

आणि मराठी तरी कुठे वेगळी आहे? रडणाऱ्या बाळाला आपण थोपटत म्हणतो, उगी, उगी. म्हणजे गप्प. आणि कारण नसताना काही केलं तर म्हणतो, उगीच. गप्प राहणं आणि विनाकारण असणं, या दोन गोष्टींना एकाच खुंटीवर टांगायचं दोन्ही भाषांना का सुचलं असेल? त्या रात्री पोळ्या लाटताना मला ते एकदम सुचलं आणि मी लाटणं हातात घेऊनच बाहेर धावले. "अहो, उगी! उगी आणि उगीच!" श्रीकांतला वाटलं मी त्याला गप्प करते आहे. तो गप्प झाला. पहिलं यश!

अप्पांनी निकाल दिला. दोन्ही अर्थ लागू. रोज दुपारी जेवणं झाल्यावर मागच्या खोलीत, अढीपाशी, सगळ्यांनी सुम्न बसायचं. पेपर नाही, फोन नाही, भाजी निवडणं नाही. 'काय झालं?' विचारायचं नाही. 'सांग ना' म्हणायचं नाही. 'शाब्बास' तर अजिबात नाही. पुट्टीला यायचं असलं तर तिनं यावं, नसलं तर नको. अढीजवळच का? तर अप्पा म्हणाले, तिथे सावली असते. या सावलीबद्दल पुढे बोलूच.

सुरुवातीचे दिवस म्हणजे निव्वळ तमाशा. श्रीकांत गप्प बसायचा, पण दर थोड्या वेळानं भिंतीवरच्या घड्याळाकडे असा बघायचा की ते घड्याळच पुढे पळायला लागेल. अप्पा बसल्या बसल्या झोपायचे, आणि घोरणं मौनात मोडतं की नाही यावर जाग आल्यावर वाद घालायचे. आणि मी! मी तोंड गच्च मिटून बसायची. एका दुपारी पुट्टी माझ्याकडे बघत बघत म्हणाली,

"आई, तुझे ओठ ब… बोलतायत."

खरंच की! ती अडली की तिचा शब्द माझे ओठ आवाज न करता म्हणत होते. मुलीनं सगळं पाहिलं होतं. तेव्हापासून मी तोंडात तिखटमीठ लावलेली कैरीची फोड धरून बसू लागले. तुम्हीही करून बघा. मिटल्या तोंडात कैरी असली की जगातले सगळे सल्ले लाळेबरोबर गिळले जातात.

आणि मग काय सांगू, मला ऐकू येऊ लागलं! इतकी वर्षं त्या घरात राहून मला माहीत नव्हतं की पंखा एका फेरीत एकदाच कुरकुरतो. की मागच्या पेरूवर एक छोटा पक्षी दुपारभर एकच प्रश्न विचारतो. की पिंजरालाही आवाज असतो, आतल्या आत काहीतरी सरकल्याचा. वास तर रोज बदलायचे. आधी नुसती धूळ. मग चिकाचा तो तुरट, घशाशी येणारा वास. मग एके दिवशी एका कोपऱ्यातून कुठूनतरी अगदी पुसट गोडवा, एखाद्यानं दुसऱ्या खोलीत हळू आवाजात काही गुणगुणावं तसा. मी उडालेच! पण ओरडायचं नव्हतं. मी नुसता श्रीकांतचा गुडघा धरला. त्यानं नाक वर केलं. पुट्टीनं आमच्या दोघांकडे बघून मान डोलावली. तिला तो वास कालपासून येत होता.

श्रीकांतला राहवलं नाही. त्यानं हळूच हात घालून एक आंबा देठाशी दाबून बघितला.

"बाबा, दाबू नको," पुट्टी म्हणाली. "दाबलं की तिथे क… क… काळं पडतं."

श्रीकांतनं हात काढून घेतला. फक्त आंब्यावरूनच काढला की आणखी कशावरून, ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग ती बर्फीची दुपार आली.

धारवाडची माणसं आम्ही. आनंद झाला की पेढे, दुःख आवरलं की पेढे, पाहुणा आला की पेढे, गेला की सुटल्याचे पेढे. पण आमची पुट्टी सुभाष रोडवरच्या दुकानात उभी राहिली की बर्फी मागायची. पेढ्याच्या गावात बर्फी! आम्हाला कोण कौतुक त्याचं. "आमच्या मुलीला बाई पेढा चालतच नाही, बर्फीच लागते." वाढदिवसाला बर्फी, परीक्षेला बर्फी, हुबळीहून येताना वन्संच्या पिशवीत बर्फी. ती शहाण्यासारखी खायची.

त्या दुपारी पंखा कुरकुरत होता. कोणी काही विचारलं नव्हतं. पुट्टी पिंजराची एक काडी दातात धरून बसली होती आणि मध्येच म्हणाली,

"मला बर्फी आवडत नाही."

माझ्या तोंडात कैरी होती. देवाची कृपा.

"क… कधीच आवडत नव्हती."

पंखा फिरला. पक्ष्यानं त्याचा तो प्रश्न विचारला. श्रीकांतनं घड्याळाकडे पाहिलं नाही.

"बर्फी तोंडातनं सुटते. प… प… पेढा अडकतो. म्हणून मी बर्फी म्हणते."

आणि ती काडी दातातून काढून तिनं तिचे दोन तुकडे केले.

काय काय करावंसं वाटलं मला! धावत सुभाष रोडला जावं आणि दुकानच्या दुकान उचलून आणावं. तिला पोटाशी धरून रडावं, मोठ्यानं, नाटकात रडायची तशी. मी उठू लागले, तर अप्पांनी डोळे न उघडता नुसता हात वर केला. बसा. मी बसले. आणि बसले म्हणूनच पुढचं ऐकायला मिळालं. शाळेत तिला एक मैत्रीण हवी होती, तिचं नाव तनुजा, पण 'त' सुटत नाही म्हणून ती दुसऱ्याच एका मुलीबरोबर डबा खाते. वर्गात बाईंनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिला येतात, पण ती 'माहीत नाही' म्हणते, कारण 'माहीत नाही' पटकन सुटतं. आणि परवा आम्ही तिला कैरी दिली ना, तेव्हा तिला कैरी नको होती. तिला विचारायचं होतं की कोकीळ काळी का असते.

हे सगळं सांगायला तिला बरीचशी दुपार लागली. ती अडली, थांबली, पुन्हा मागे गेली, शब्द बदलू लागली आणि मग नाही बदलला, त्याच शब्दाशी झुंजली. तिच्या त्या थांबण्यात आम्ही कुणी शिरलो नाही. आणि शपथेवर सांगते, इतकं रंगलेलं नाटक मी आयुष्यात पाहिलं नाही! पुढचा शब्द काय येणार याची अशी उत्सुकता! मी एवढी वर्षं तिच्या वाक्यांचा शेवट स्वतःच करत होते, आणि तिचे शेवट तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते.

आत्ता यंदा, परवाच सुभाष रोडला सुतळी घ्यायला गेले होते. एक आई आपल्या चिमुरड्याला दुकानदारासमोर ढोसत होती, "थँक्यू म्हण. म्हण ना. काका काय म्हणतील? म्हण थँक्यू." पोरगं तराजूच्या हलत्या काट्याकडे बघत होतं, अगदी तल्लीन. ते काहीतरी म्हणणारच होतं, माझी खात्री आहे, पण ते थँक्यू नव्हतं. माझ्या जिभेवर भाषण आलं होतं, चांगलं दोन अंकी. मी सुतळी घेतली आणि घरी आले. मोठ्या माणसांनाही त्यांचा वेळ लागतो, आणि तिथे थांबून तोंड मिटून ठेवायला माझ्याकडे त्या दिवशी कैरी नव्हती.

असो. त्या उन्हाळ्यात आणखी एक भानगड चालू होती. पिंजरात अधूनमधून रिकामे खळगे दिसू लागले होते. आंबे कमी होत होते! मी लगेच लंगड्या बोक्यावर आळ घेतला आणि मागच्या दाराला वीट लावली. अप्पांनी दुजोरा दिला. "बोकाच. सराईत गुन्हेगार आहे. लंगडतोय तो सहानुभूतीसाठी." अप्पांना साखरेचा आजार, डॉक्टरांनी आंबा बंद केलेला. त्यामुळे त्यांच्या निःपक्षपाती मताला आमच्याकडे फार मान. पुट्टी बोक्याला दूध पाजत होती. तिनं एकदा अप्पांकडे पाहिलं आणि वाटी पुन्हा भरली.

अढी उघडायचा दिवस ठरला. वन्सं आदल्या दिवशीच मुलाला, सुजयला, घेऊन आल्या. बाकीच्या मराठी मुलखात शिकरण केळ्याचं असतं. आमच्याकडे कन्नड घरांसारखी आंब्याची शीकरणी होते, वेलदोडा घातलेली, आणि तिच्यावर सगळी गल्ली जेवते. आणि जेवणाआधी दवंडी. घरातलं सगळ्यात लहान पोर म्हणजे पुट्टीच, पण आतापर्यंत ती फार लहान म्हणून सुजयच दवंडी द्यायचा. यंदा मान तिचा होता.

वन्संनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, यंदाही सुजयच देऊ दे की. लेकरू चारचौघांत अडकलं आणि कोणी हसलं तर? आत्ता कुठं बोलाय लागलीय. परत मिटून गेली म्हणजे?"

त्यांचे डोळे भरले होते. वन्सं बोलतात फार, पण पुट्टीवर त्यांचा जीव. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. अंगण भरलेलं असणार. एक कोणी जरी फिसकन हसलं असतं, तर ते अर्धवट उघडलेलं दार पुन्हा कधी उघडलं असतं कोण जाणे. मी 'बरं' म्हणायला तोंड उघडलं, आणि दारात पुट्टी उभी.

"दवंडी मी देणार. मजकूर माझा मी करणार." मग आत्याकडे बोट दाखवून, "आणि क… कोणी मदत करायची नाही."

मी तोंड मिटलं. मला कैरीची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगण गच्च. ऊन लखलखीत, पेरूच्या सावलीत चटया, आतून शीकरणीचा वास असा दरवळत होता की शेजारी वेळेच्या आधी आले होते. न्हाणीघराच्या दगडी पायरीवर पुट्टी, हातात पितळी ताट आणि पळी. तिनं ठण्णकन पळी मारली.

"ऐका हो ऐका! आज आमच्या घरी अढी उ… उघडली आहे. आंबे गोड आहेत. पण घातले होते त्यापेक्षा क… क… कमी निघाले आहेत."

अंगणात खसखस. वन्संनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

"आई म्हणते बोक्यानं खाल्ले. बोक्यानं नाही खाल्ले. अप्पांनी ते आंबे प… प…"

आणि अडकली. मान ताठ झाली. डोळे मिटले.

अंगण थांबलं. किती वेळ थांबलं असेल? मला विचारू नका, मी पदर चावत होते. आणि मग वन्संचे हात सुटले.

"पिकवले!"

पुट्टीनं मान हलवली. नाही.

"पारखले!" श्रीकांत, गणिताचा मास्तर, तोही फुटला.

नाही.

"पाडले!" सुजय. "पाठवले!" भिंतीवरून शेजारीण. "पसंत केले!" कोणीतरी मागून.

नाही. नाही. नाही. पूर्वी ती जवळ पडेल तो शब्द घ्यायची. त्या दिवशी तिनं डोळे मिटूनच प्रत्येक शब्द दारातून परत पाठवला. आणि तेव्हा माझं लक्ष अप्पांकडे गेलं. अख्ख्या अंगणात एकच माणूस मदतीला धावत नव्हता. भर दुपारी, भरल्या घरात, माळमड्डीतला सगळ्यात बोलका माणूस खाली मान घालून, अगदी सुम्न बसला होता. कारण तो शब्द एकट्या त्याला माहीत होता.

पुट्टीनं डोळे उघडले.

"प… प… पळवले!"

जो काय गोंधळ उडाला! शेजारीण भिंतीवरून कोसळायची राहिली. वन्सं "अय्यो अप्पा! साखर!" करत किंचाळल्या. श्रीकांत "म्हणून अढीजवळच सावली का!" म्हणून ओरडला. सुजय बोक्याची माफी मागायला धावला. मी एकाच वेळी हसत, रडत, आणि सासऱ्यांना काय बोलावं ते बोलत होते. अप्पा ताडकन उठले, उजवा हात वर, आवाज कोर्टाच्या गॅलरीपर्यंत पोचेल असा, "हरकत! साक्षीदार अल्पवयीन आहे! पुरावा काय?" त्यावर सगळेच पुरावा देऊ लागले, सगळेच एकमेकांची वाक्यं पुरी करू लागले, आमचं घर पुन्हा आमचं घर झालं. तेव्हा पायरीवरून ताटावर पळीचा असा काही घाव बसला की कावळे उडाले, आणि त्या सगळ्या आवाजाच्या वर माझ्या मुलीचा आवाज आला,

"सु… सु… सुम्न बसा की सगळे! माझं अजून संपलं नाही!"